सिद्धांत कोणता खरा? आधी चूक कुठली ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे : "मी करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते आणि बाहेरून मानसशास्त्रात एम.ए. करते. आकृती आणि वस्तू ओळखण्याच्या प्रकरणात साचा, प्रोटोटाइप, वैशिष्ट्ये, जिऑन असे सिद्धांत एकामागून एक दिलेत आणि प्रत्येकाच्या शेवटी 'मर्यादा' आहेत. मग खरा कोणता? माझ्या वर्गातली काही मुलं घ-ध, भ-म यांत सारखी गल्लत करतात. डोळे तपासले, चांगले आहेत. त्यांना यातलं काही लागू पडतं का?"

बाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला धरून पहिल्याचं उत्तर देते.

पुस्तकात हे सिद्धांत खासबागेत कुस्त्या लागाव्यात तसे मांडलेले असतात. साचा उतरला, त्याला प्रोटोटाइपने चीत केलं, प्रोटोटाइपला वैशिष्ट्यांनी, वैशिष्ट्यांना जिऑनने. पण हे गडी एकाच मैदानात कधी उतरलेच नव्हते. ऑलिव्हर सेल्फ्रिज १९५९ मध्ये विचार करत होते तो यंत्राचा : त्याला मोर्सचे ठोके आणि हाताने लिहिलेली अक्षरं कशी ओळखायला लावायची. मायकेल पोस्नर आणि स्टीव्हन कील यांनी १९६८ मध्ये कागदावरचे ठिपके वापरले. आयर्विंग बीडरमन यांच्या १९८७ च्या मांडणीत कप, दिवा, सुटकेस अशा वस्तूंची रेखाचित्रं आहेत. रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये चेहरे उलटे करून दाखवले. ज्याने अक्षरं तपासली त्याला रेषा सापडल्या, ज्याने चेहरे तपासले त्याला अख्खा चेहरा सापडला. यात नवल काही नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना 'खरा कोणता' असं विचारू देत नाही. या सिद्धांताप्रमाणे माणूस कुठे चुकायला हवा, आणि तो तिथेच चुकतो का, असं विचारायला लावते. बरोबर उत्तरातून फारसं काही कळत नाही. घ ला घ म्हणणारं पोर साच्यावरून ओळखतंय, रेषांवरून ओळखतंय की पुढचा 'र' बघून 'घर' असं ताडतंय, हे बाहेरून समजत नाही. ते 'ध' म्हणालं की मात्र समजायला लागतं. दवाखान्यात माझं कामही हेच असतं. पक्षाघातानंतर किंवा डोक्याला मार लागल्यावर माणसाचं ओळखणं नेमकं कुठे अडलंय, ते त्याच्या चुकांवरून काढायचं.

साच्याचं लवकर आटोपते. डोक्यात प्रत्येक आकृतीची एक प्रत असते आणि समोरची आकृती तिच्याशी जुळवून बघितली जाते, असं तो म्हणतो. असं काम करणारी यंत्रं आहेत. चेकच्या तळाशी चुंबकीय शाईत छापलेले चमत्कारिक वळणाचे आकडे बघा. त्यांची जाडी, उंची, जागा सगळं ठरवून दिलेलं असतं, कारण फरक पडला की वाचणारं यंत्र अडतं. माणूस असा असता तर अक्षर जरा तिरकं झालं किंवा मोठं झालं की आपणही अडलो असतो. महाद्वार रोडवर पाट्या वाचत चालून बघा. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल हे नुसते आकार म्हणून एकमेकांवर ठेवले तर जुळणार नाहीत. पण 'लक्ष्मी' वाचताना कुणी थबकत नाही. व्हायला हवी ती चूक होतच नाही, म्हणून साचा या भोळ्या रूपात तरी बाद. त्याला कायमचा पुरू मात्र नका, वस्तूंच्या प्रकरणात तो वेश पालटून परत येतो.

आता वैशिष्ट्यांचा सिद्धांत. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमचा वर्ग इथे बसलाय.

सेल्फ्रिज यांनी आपल्या मांडणीला 'पँडेमोनियम' म्हटलं, म्हणजे भुतांचा गोंधळ. तळाच्या भुतांपैकी कुणी उभी रेघ शोधतं, कुणी आडवी, कुणी वाटोळं. आपापली खूण दिसली की ती ओरडतात. त्यांच्या वर अक्षरांची भुतं असतात. आपल्या किती खुणा ओरडल्या ते ऐकून तीही कमीजास्त जोराने ओरडतात. सगळ्यांत वर बसलेलं एक भूत ज्याचा आवाज मोठा त्याचं नाव जाहीर करतं. ही कल्पना संगणकासाठी होती. त्याच १९५९ मध्ये डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजराच्या मेंदूतल्या दृष्टिक्षेत्राच्या पेशींवरचं काम प्रसिद्ध केलं. ठिपके दाखवून पेशी ढिम्म हलत नव्हती. काचपट्टी बदलताना तिच्या कडेची सावली पडद्यावर सरकली आणि पेशी तडतडू लागली. एखादी पेशी ठरावीक कोनातल्या कडेलाच दाद देते, हे त्यातून उलगडलं. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं. सेल्फ्रिज यांची तळाची भुतं खरोखर मेंदूत निघाली, असं तेव्हा अनेकांना वाटलं असेल तर त्यांचा दोष नाही.

चुका काय सांगतात? १९६६ च्या एका प्रयोगात किनी आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी अक्षरं क्षणभर दाखवली. जी हे अक्षर ओळखताना २९ चुका झाल्या. त्यांतल्या २१ वेळा लोकांनी सी म्हटलं, ६ वेळा ओ. वाटेल त्या अक्षराकडे जवळजवळ कुणी गेलं नाही. ज्याच्या खुणा जीशी सर्वांत जास्त जुळतात त्याच्याकडेच लोक घसरले. उल्रिक नाइसर यांनी १९६४ मध्ये लोकांना गोल वळणाच्या अक्षरांच्या गर्दीत झेड शोधायला लावला. तो चटकन सापडला. तिरक्या, कोनांच्या अक्षरांत लपवला तेव्हा वेळ लागला.

आता हीच तपासणी देवनागरीवर करा. घ वर शिरोरेषा सलग आहे. ध च्या डाव्या अंगाला ती तुटते आणि तिथे छोटी गाठ येते. म वर सलग, भ वर तुटलेली, डावीकडे पुन्हा गाठ. य वर सलग, थ वर तुटलेली, डावीकडे गाठ. तीन जोड्या, पण वेगळं करणारी खूण एकच. आता दुसरा गट बघा. व च्या पोटात तिरकी रेघ ओढली की ब होतो, प च्या पोटात ओढली की ष. इथेही खूण एकच.

वैशिष्ट्यांचा सिद्धांत बरोबर असेल तर त्याने एक भाकीत करायला हवं : घ-ध मध्ये चुकणारं मूल बहुधा भ-म आणि य-थ मध्येही चुकेल, पण व-ब मध्ये चुकेलच असं नाही. हे तुम्ही आठवडाभरात वर्गात तपासू शकता. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या वह्या याच नजरेने चाळते आणि बहुतेकदा चुका गटाने येतात. असं मूल सहा अक्षरांत घोळत नसतं. ते एका खुणेकडे बघत नसतं.

ते बघत का नाही, याचं एक कारण आपणच देतो. मुलं आधी अक्षरांची अंगं काढतात आणि मग सगळ्या शब्दावरून एका झटक्यात शिरोरेषा मारतात. 'धन' चा 'घन' तिथेच होतो. फळ्यावर घाईत आपणही तेच करतो. जी तुटलेली जागा मुलाने बघावी असं आपल्याला वाटतं, ती आपल्या अक्षरात असतेच असं नाही.

सिद्धांताची खरी मर्यादा वेगळी आहे, आणि पुस्तकात ती एका ओळीत उरकलेली असते. खुणांच्या यादीत मांडणी नसते. ॲन ट्रीझमन आणि हिलरी श्मिट यांनी १९८२ मध्ये रंगीत अक्षरं क्षणभर दाखवली आणि त्याच वेळी लक्ष दुसऱ्या कामात गुंतवलं. लोकांनी एका अक्षराचा रंग दुसऱ्याला चिकटवून सांगितला. त्यांना रंग दिसले होते, आकारही दिसले होते, कुठला रंग कुठल्या आकाराचा एवढंच सुटलं. खुणा वेगवेगळ्या टिपल्या जातात आणि त्यांची मोट बांधायला अवधान लागतं, ही ट्रीझमन यांची मांडणी या चुकीवर उभी आहे. शेवटच्या तासाला, पोरं दमलेली असताना, श्रुतलेखनात वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते तेव्हा मला हा प्रयोग आठवतो. तो पुरावा नव्हे, पण तपासण्यासारखी शंका आहे.

मांडणीचा आणखी एक प्रकार म्हणजे दिशा. ३ आणि ६ बघा. वळणं जवळपास तीच, तोंडं विरुद्ध. पाठीला पाठ लावून बसलेले म्हणूनच तर छत्तीसचा आकडा. पहिली-दुसरीतली पोरं ३ च्या जागी ६ सर्रास काढतात आणि पालक घाबरून माझ्याकडे येतात. यात बिघाड काही नाही. वस्तू ओळखताना डावं-उजवं सोडून द्यायचं, हे मेंदूने शाळेत येण्याआधीच पक्कं केलेलं असतं. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तोच. म्हैस कुठल्याही बाजूने आली तरी तीच म्हैस. अक्षरं आणि आकडे ही पहिलीच चीज, जिथे तोंड फिरवलं की नाव बदलतं. वस्तूंसाठी शहाणपणाची असलेली सवय मुलाला इथे मोडावी लागते आणि त्याला वेळ लागतो.

आतापर्यंत सगळं खालून वर चाललं होतं, रेषांपासून अक्षरापर्यंत. उलटी वाटही आहे. जेम्स कॅटेल यांनी १८८६ मध्येच दाखवलं होतं की क्षणभरात सुट्या अक्षरांपेक्षा शब्दातली अक्षरं जास्त वाचली जातात. लोक अंदाज मारत असतील, अशी शंका त्यावर राहिली होती. जेरल्ड रायकर यांनी १९६९ मध्ये ती मिटवली. 'वर्ड' हा इंग्रजी शब्द दाखवायचा आणि शेवटचं अक्षर डी होतं की के, एवढंच विचारायचं. के लावला तरी 'वर्क' हा शब्दच होतो, म्हणजे अंदाजाचा फायदा शून्य. तरीही एकट्या डीपेक्षा शब्दातला डी लोकांनी जास्त अचूक ओळखला. मॅक्लेलंड आणि रुमेलहार्ट यांनी १९८१ मध्ये याचं प्रारूप मांडलं : खुणा, अक्षरं, शब्द असे तीन मजले आणि वरून खालीही जोर.

आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण मोडी. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागद वाचणाऱ्यांना विचारा. शिरोरेषा आधीच सबंध ओढलेली, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, अक्षर वाहतं. नवखा मोडीवाचक एकेक अक्षर चुकतो. मुरलेल्याची चूक वेगळी असते. तो वाक्यात चपखल बसणारा, पण कागदावर नसलेला शब्द वाचून जातो. पहिल्याला वरून मदत मिळत नाही, दुसऱ्याला ती जरा जास्तच मिळते. जेरोम ब्रूनर आणि लिओ पोस्टमन यांनी १९४९ मध्ये पत्त्यांत रंग उलटे केले होते : लाल इस्पिक, काळं बदाम. काहींना तो साधा पत्ताच दिसला. काहींना जांभळट किंवा तपकिरी, म्हणजे अपेक्षा आणि डोळा यांच्यातली तडजोड दिसली. रिचर्ड ग्रेगरी यांनी बघणं म्हणजे गृहीतक बांधणं असं म्हटलं ते याच जातीच्या पुराव्यावर. जेम्स गिब्सन यांना ते मान्य नव्हतं. उजेडात, हलत्या डोक्याला, खऱ्या जगात इतकी माहिती मिळते की तर्काची गरज पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते ग्रेगरी बरोबर ठरतात ते धुक्यात आणि घाईत, गिब्सन भर उन्हात.

प्रोटोटाइपकडे, म्हणजे अनेक नमुन्यांतून मनात साठलेल्या एका मूळ नमुन्याकडे, येते. पोस्नर आणि कील यांनी ठिपक्यांच्या मूळ आकृत्या घेतल्या, ठिपके इकडेतिकडे सरकवून त्यांच्या बिघडलेल्या नकला केल्या आणि लोकांना फक्त नकला शिकवल्या. मूळ आकृती कधी दाखवलीच नाही. नंतर ती समोर आली तेव्हा लोकांनी तिचं वर्गीकरण शिकवलेल्या नकलांच्या तोडीने केलं आणि न पाहिलेल्या इतर नकलांपेक्षा सरस केलं. आता चूक बघा. रॉबर्ट सोल्सो आणि जुडिथ मॅकार्थी यांनी १९८१ मध्ये पोलिसांच्या आयडेंटिकिटने, म्हणजे तयार नाक-डोळे जोडायच्या संचाने, चेहरे बनवून हाच डाव खेळला. लोकांनी कधीच न पाहिलेला मूळ चेहरा 'बघितलाय' असं ठासून सांगितलं, प्रत्यक्ष पाहिलेल्या चेहऱ्यांपेक्षाही जास्त खात्रीने. साक्षीदाराच्या ओळख परेडवर विसंबणाऱ्यांनी हा प्रयोग वाचावा.

चप्पल लाईनीत अस्सल कोल्हापुरी कशी ओळखता असं विचारलं तर मुरलेला दुकानदार म्हणतो, "त्यात काय बघायचंय, दिसतंय की!" त्याला खुणांची यादी देता येत नाही, कारण तो यादीवरून ओळखत नाही. आयुष्यभर पाहिलेल्या पायताणांतून साठलेल्या कशाशी तरी तो समोरची जोडी ताडून बघतो. ते साठलेलं म्हणजे एक सरासरी प्रतिमा की शेकडो सुट्या आठवणी, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि दोन्हींची भाकितं इतकी जवळ येतात की परीक्षेत त्यावर पान खर्च करू नका.

पोस्नर आणि कील यांच्या प्रयोगातला एक भाग शिक्षकांच्या कामाचा आहे. ज्यांना जास्त बिघडलेल्या, म्हणजे जास्त विविध नकला शिकवल्या त्यांना शिकायला जड गेलं, पण नव्या बिघडलेल्या आकृत्या त्यांनी जास्त चांगल्या ओळखल्या. एकाच तक्त्यावरचा घ वर्षभर दाखवण्याचा तोटा यातून कळतो.

आता वस्तू. बीडरमन यांचं म्हणणं असं की नळकांडं, ठोकळा, शंकू, वाकडी नळी अशा सुमारे ३६ साध्या घनाकृतींतून, म्हणजे जिऑनमधून, आपण वस्तू बांधतो. तीच नळी बाजूला लावली की कप, वर लावली की बादली. मांडणीचा जो प्रश्न खुणांच्या यादीला सुटत नव्हता तो इथे मुद्द्यातच घेतलाय. चुकीचं भाकीतही नेमकं आहे. रेखाचित्रातल्या रेघा मधूनच पुसल्या तर वस्तू ओळखू येते, पण रेघा जिथे मिळतात ते सांधे पुसले तर तेवढीच शाई शिल्लक असूनही ओळखू येत नाही. हे प्रयोगात तसंच घडतं. मात्र जिऑन कप आणि बादली वेगळे करतो, दोन म्हशी नाही. दोन्ही म्हशींचे जिऑन तेच. शिवाय सगळ्या बाजू सारख्या नसतात. पामर, रॉश आणि चेस यांनी १९८१ मध्ये घोड्याचे वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले फोटो दाखवले तेव्हा थोडा तिरका, पुढून-बाजूने घेतलेला फोटो सर्वांत लवकर ओळखला गेला. पुढे टार, ब्यूल्टहॉफ वगैरेंनी मांडलं की वस्तू पाहिलेल्या बाजूंच्या आठवणींतून ओळखली जाते. साचा परत आला तो असा, एकाऐवजी अनेक होऊन.

या वादात मी रुग्णांचं ऐकते. एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि अँजेला टेलर यांनी १९७३ मध्ये मेंदूच्या उजव्या मागच्या-वरच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांबद्दल लिहिलं. नेहमीच्या बाजूने दाखवलेली बादली ते ओळखत, तीच थेट वरून दाखवली की अडत. असे रुग्ण कोल्हापुरातही येतात, आणि घरच्यांना ते 'मुद्दाम करतात' असं वाटतं. सकाळी तांब्या ओळखला आणि दुपारी आडवा पडलेला ओळखला नाही, म्हणजे सोंगच! सोंग नसतं. दुसऱ्या प्रकारचा रुग्ण कुलपाचं चित्र समोर ठेवून हुबेहूब उतरवतो आणि मग हे काय आहे म्हटलं की गप्प. हातात कुलूप दिलं, किल्ली वाजवली की लगेच सांगतो. आकार बांधला गेलाय, पण त्या वाटेने अर्थापर्यंत पोचता येत नाही. हाइनरिख लिसाउअर यांनी १८९० मध्येच हे दोन प्रकार वेगळे केले होते : आकार बांधण्यातला दोष आणि बांधलेल्या आकाराला अर्थ जोडण्यातला दोष. पुस्तकातले बहुतेक सिद्धांत पहिल्या पायरीबद्दल बोलतात आणि दुसरीबद्दल गप्प बसतात, ही मर्यादा कुठल्याच 'मर्यादा' या मथळ्याखाली मला दिसलेली नाही.

चेहऱ्यांची तऱ्हा न्यारी. यिन यांना आढळलं की उलटं केल्यावर घरं, विमानं ओळखणंही जड जातं, पण चेहरे फारच जड जातात. पीटर थॉम्पसन यांनी १९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या फोटोत फक्त डोळे आणि तोंड उलटे केले. फोटो उलटा धरला तर फारसं खटकत नाही, सुलटा केला की अंगावर येतो. खुणा तेवढ्याच आहेत, त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं सुलट्या चेहऱ्यातच वाचलं जातं. मग हे चेहऱ्यांचंच खास की सरावाचं? र्‍हिआ डायमंड आणि सुझन केअरी यांनी १९८६ मध्ये कुत्र्यांच्या जाणकारांना कुत्र्यांचे फोटो उलटे दाखवले, तेव्हा तेही चेहऱ्यासारखेच अडले. गंगावेशीत समोर धार काढून दूध देणारा गवळी लांबून आपली म्हैस ओळखतो. मला त्या सगळ्या काळ्याच दिसतात. पूर्वी नोंदलेल्या एका शेतकऱ्याला मेंदूच्या इजेनंतर माणसांचे चेहरे ओळखू येईनात आणि त्याच्या गायीही. यावरून सरावाची बाजू भक्कम वाटते. पण जेन मॅकनील आणि वॉरिंग्टन यांनी १९९३ मध्ये नोंदलेला माणूस उलटा होता. पक्षाघातात माणसांचे चेहरे गेले, नंतर त्याने मेंढ्या पाळल्या आणि मेंढ्यांचे चेहरे त्याला माणसांपेक्षा चांगले ओळखू येत. हे दोन रुग्ण शेजारी ठेवले की मी तरी कुणा एका बाजूला जात नाही.

समष्टिवाद्यांचं, म्हणजे गेस्टाल्ट पंथाचं, एक देणं मात्र राहिलंय. वेर्टहायमर यांनी १९२३ मध्ये समीपता, साम्य, सातत्य हे नियम मांडले ते ओळखण्याच्या आधीच्या पायरीचे आहेत : कुठला तुकडा कशाचा. पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये जन्मापासून किंवा लहानपणापासून न दिसणाऱ्या आणि पुढे शस्त्रक्रियेने दृष्टी आलेल्या भारतीय मुलांचा अभ्यास झाला. २००९ च्या निबंधात दिसतं की सुरुवातीला ही माणसं एका वस्तूचे अनेक तुकडे मोजतात, सावलीलाही वेगळी वस्तू धरतात. वस्तू हलली की मात्र एकत्र हलणारे तुकडे एकत्र बांधले जातात. स्थिर चित्रावर आधारलेल्या सगळ्या सिद्धांतांनी हालचाल विसरली होती, हे या चुकांनी दाखवलं.

आणि संगणकाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारेल. आजची न्यूरल नेटवर्क सेल्फ्रिज यांच्या मजल्यांच्याच वंशातली आहेत. मधला दुवा म्हणजे कुनिहिको फुकुशिमा यांचं १९८० चं निओकॉग्निट्रॉन हे संगणकी प्रारूप. फोटो ओळखण्यात ती माणसाच्या जवळ पोचली म्हणून ती माणसासारखीच बघतात, असं नव्हे. गाइरहोस आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या आकारावर हत्तीच्या कातड्याचा पोत चढवला. माणसं मांजर म्हणाली, यंत्र हत्ती म्हणालं.

परीक्षेत सोळा गुणांचं उत्तर लिहाल तेव्हा प्रत्येक सिद्धांताखाली गुण-दोषांची जोडी न लिहिता तीन गोष्टी लिहा : तो कशावर तपासला गेला, कुठली चूक भाकीत करतो, ती चूक दिसते का. जी आणि सीच्या जोडीला घ-ध, भ-म लिहा. तपासणाऱ्यांनाही बदल हवा असतो.

वर्गासाठी. घ आणि ध एकाच दिवशी ओळख म्हणून शिकवू नका. एक पक्का झाला की दुसरा आणा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून तुटलेल्या जागेवर मुलाचं बोट ठेवा. शिरोरेषा अक्षरागणिक काढायला लावा, निदान थ, ध, भ येणाऱ्या शब्दांत. अक्षरं वर्तमानपत्रातून, एसटीच्या पाट्यांवरून, तुमच्या आणि शेजारच्या बाईंच्या हस्ताक्षरातून दाखवा. हाताने काढून घ्या. मारिएक लाँगकँप आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात, टंकून शिकलेल्यांपेक्षा हाताने लिहून शिकलेल्या, त्यातही वयाने थोड्या मोठ्या बालवाडीतल्या मुलांनी अक्षरं चांगली ओळखली.

आणि चुका वेगळ्या वहीत टिपा : दाखवलं काय, म्हणाला काय, सुटं अक्षर होतं की शब्दात. घ-ध, भ-म, य-थ असा गट दिसला तर वर सांगितलेल्या सरावाने काही महिन्यांत फरक पडायला हवा. पण गट दिसला नाही, मूल ख ला ग आणि ट ला ड म्हणत असेल, 'कमळ' मधला पहिला आवाज काढून टाक म्हटलं तर गोंधळत असेल, तर अडचण डोळ्यांच्या वाटेवर नाही. वाचन-अक्षमता (डिस्लेक्सिया) बहुतांशी आवाज आणि अक्षर यांची सांगड न बसण्यातून येते, आणि अक्षरं उलटी दिसतात म्हणून ती होते हा समज जुना आणि चुकीचा आहे. तिथे आकारांचा सराव वाढवून मुलाला दमवू नका. तिसरी उजाडायची वाट न बघता वाचन-अक्षमतेची चाचणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवा, आणि पाठवताना ती वही बरोबर द्या.